रोल-प्लेइंगमधली ग्रे पात्रं कशी उभी करता? (घाटावरच्या जकातदाराच्या निमित्तानं)

घाटवाट, टिळकवाडी

नमस्कार मंडळी. आमचा ग्रुप रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून फँटसी रोल-प्लेइंग खेळतो. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मी. नवी मोहीम रचायलोय, आणि सुरू करण्याआधी तुमचं मत हवंय.

मागच्या मोहिमेत सगळ्यांनी ठरवून ग्रे पात्रं, म्हणजे धड चांगली नाहीत आणि धड वाईटही नाहीत अशी, आणली होती. भाडोत्री तलवारबाज, विष विकणारी वैदीण, देवळातून हाकललेला पुजारी. कागदावर झकास. खेळात मात्र ग्रेपणा एकाच जागी दिसायचा: कैदी हाती लागला की त्याला मारायचं का सोडायचं यावर वाद, आणि मग कोणीतरी "माझं पात्र असंच करणार" म्हणून त्याचा गळा कापून मोकळा. त्यानंतर पुढच्या गावात मुक्काम, जेवण, नवीन काम. ज्याचा गळा कापला त्याला आई होती का, भाऊ होता का, कोणाचं त्याच्याकडं येणं होतं का, काही नाही.

मला वाटतं, निम्मा चांगुलपणा आणि निम्मा दुष्टपणा कालवून पात्र ग्रे होत नाही. त्याच्या डोक्यावर दोन देणी पाहिजेत. दोन्ही खरी, दोन्ही मागणारी माणसं आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही एकदम फेडता येणार नाहीत अशी. मग तो माणूस स्वभावानं कितीही सरळ असू दे, त्याच्या हातून कोणाचं तरी वाईट होणारच.

नवी मोहीम आपल्याच घाटांवरून सुचली. वर पठार, खाली समुद्रकाठ, मधे दाट रान. पठारावर राणीचं राज्य, खाली गलबतांतून आलेल्या परक्या व्यापाऱ्यांचं. घाटाच्या तोंडाशी राणीची जकात चौकी. तिथला जकातदार म्हणजे बसलिंग. पठारावर दुष्काळ पडलाय, म्हणून धान्याचा दाणा घाटाखाली जायचा नाही असा राणीचा हुकूम आहे. हुकूम वाईट नाही, पठारावरची पोरंही उपाशीच आहेत. पण घाटाच्या पोटातल्या वाड्यांवर याहून वाईट दिवस आलेत, आणि त्यातल्याच एका वाडीत बसलिंगची बहीण दिलीय.

रात्री बैलांचा तांडा येतो. पाठीवर कापसाचे बोजे. बसलिंग नेहमीसारखी लोखंडी सळई बोजात खुपसतो आणि ओढून काढतो. सळईच्या खाचेत जोंधळ्याचे चार दाणे अडकलेत. कंदील धरून शेजारी त्याचा तरणा कारकून उभा आहे. दाणे त्यानंही पाहिलेत.

इथपर्यंत माझी तयारी आहे. पुढचं खेळात कसं उतरवू? आणि असं पात्र गेम मास्टरनं चालवावं का खेळाडूच्या हाती द्यावं?

वखारवाला, निपाणी

विषय छान काढलास. पात्र कायद्याचं का बेबंद, चांगलं का वाईट, यावरून त्याला नऊ रकान्यांपैकी एकात बसवायचे, मी त्या जमान्यातला खेळाडू, म्हणून त्या रकान्यांच्या बाजूनं थोडं बोलतो. हल्ली जो तो त्यांना नावं ठेवतो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा नऊ रकाने नव्हतेच. तीनच होते: लॉ (कायदा), न्यूट्रॅलिटी (तटस्थ), केऑस (बेबंदी). आणि त्या म्हणजे सरळ सरळ बाजू होत्या. मोठ्या झगड्यात तुम्ही कोणत्या फौजेत, एवढंच त्यातून कळायचं. चांगलं-वाईट ही दुसरी फूट मागाहून पडली. १९७७ मध्ये पाच प्रकार झाले, १९७८ मध्ये नऊ. मग २००८ च्या चौथ्या आवृत्तीत परत पाचावर आले, आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा नऊ परत आले. पण त्या पाचव्या आवृत्तीत रकान्याला नियमांमध्ये फारसा जोर उरला नाही. त्याऐवजी प्रत्येक पात्राला आदर्श, बंध आणि दोष लिहायला लावले.

जुन्या नियमात पॅलाडिननं, म्हणजे व्रत घेतलेल्या धर्मयोद्ध्यानं, जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की त्याचं पॅलाडिनपण कायमचं जायचं. लोकांना हा जाच वाटायचा. मला तो आवडायचा, कारण तिथं कृत्याला किंमत होती. तू गळा कापणाऱ्याचं सांगितलंस, तिथं नेमकी तीच नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की मूळचा अर्थ घे. बसलिंगला "आतून कसा आहे" हे विचारू नकोस. "कोणाच्या बाजूचा" हे विचार, आणि दोघांना एकाच वेळी विचारायला लाव.

मलप्रभाकाठ, खानापूर

वखारवाले काका, बाजूंचा मुद्दा पटला. त्याला आपल्याच मातीतलं एक उदाहरण जोडते. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कित्तूर म्हटलं की आपल्याला १८२४ आठवतं. राणी चन्नम्मा, दत्तकाला इंग्रजांनी दिलेला नकार, आणि लढाईत मारला गेलेला धारवाडचा कलेक्टर थॅकरे. सगळं खरं आहे. पण त्याआधी सहाच वर्षांपूर्वी, १८१८ मध्ये, इंग्रज सेनानी मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कित्तूरचे देसाई इंग्रजांच्या मदतीला होते. आणि त्यालाही कारण होतं. त्याआधीचे देसाई मल्लसर्ज यांना पेशव्यांनी पुण्यात अडकवून ठेवलं होतं. तिथून ते सुटले ते खंगून, आणि १८१६ मध्ये गेले. मग पेशव्यांशी इमान कशाला राखायचं? १८१८ साली इंग्रजांना साथ दिली म्हणून संस्थान टिकलं, आणि १८२४ साली त्याच इंग्रजांनी ते गिळायला घेतलं.

यात खलनायक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. या भागातल्या देसाई-देशमुखांची पिढ्यान्‌पिढ्या हीच गत होती. विजापूर, मराठे, मोगल, हैदर-टिपू, पुन्हा मराठे, मग इंग्रज. वतन जिथलं तिथंच, वरचा धनी बदलायचा. वतनदाराला फितूर म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी बसून बघितलं तर दिसतं की तो माणूस एकाच गोष्टीशी इमानी होता, वतनाशी. बाकी सगळे करार त्याखालचे.

तेव्हा घाटवाट, तुझ्या बसलिंगला दोन देणी दिलीस, उत्तम. आता तिसरी एक गोष्ट दे: तो कशासाठी ही दोन्ही देणी बुडवेल? ते कळलं की खेळताना अडायचं नाही.

फाउंड्री_शिफ्ट, उद्यमबाग

मी घाटवाटच्या टेबलावर बसतो. गळा कापणारं पात्र माझंच होतं, म्हणून खेळाडूची बाजू मांडतो.

दिवसभर भट्टीसमोर उभं राहून माणूस रविवारी खेळायला येतो. तिथंही बहीण उपाशी, राणीचा हुकूम, कारकून बघतोय, असलं ओझं घेऊन बसायचं काय? तलवारबाज घेतला कारण त्याला कोणी विचारणारं नसतं. तेच हवं असतं.

आणि दुसरं. गेम मास्टर दोन वाटा ठेवतो, दोन्हीकडं खड्डा. कुठंही पाऊल टाकलं तरी पडायचंच. याला निवड कसली म्हणायची? बसलिंगनं तांडा सोडला तर राणी मारणार, अडवला तर बहीण मरणार. मग मी फासा तरी कशाला टाकू?

रागावून लिहीत नाही दादा. मला खरंच कळून घ्यायचंय.

घाटवाट, टिळकवाडी

राग कसला, अगदी मर्मावर बोट ठेवलंस.

दुसरा प्रश्न आधी घेतो. दोन्हीकडं सारखाच खड्डा असेल तर ती निवड नव्हेच, कबूल. म्हणून मी तिसरी वाट बंद करणार नाही. बसलिंग निम्मा तांडा ठेवून घेऊ शकतो. कारकुनाला वाटा देऊ शकतो. दाणे खिशात टाकून "कापूस, पुढं चला" म्हणू शकतो. धान्य खाली जाऊ देऊन सकाळी स्वतःच राणीकडं जाऊन कबुली देऊ शकतो. तुला यापेक्षा वेगळं काही सुचलं तर तेही चालेल. मी एवढंच बघणार, की कुठलीही वाट फुकट नसावी, आणि प्रत्येक वाटेचा भुर्दंड वेगळ्या माणसावर पडावा. निम्मा तांडा ठेवून घेतला तर कोणत्या वाडीला द्यायचं नाही हे तुलाच ठरवावं लागेल. कारकुनाला वाटा दिलास तर उद्यापासून तो तुझा कारकून राहत नाही, भागीदार होतो. फासा तिथं टाकायचा, की कारकुनानं किती पाहिलं, तांडेवाल्यानं तोंड किती उघडलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसाठी एक नाही. ज्याला हलकं खेळायचंय त्यानं हलकं पात्र घ्यावं. सगळी पात्रं ग्रे पाहिजेत असा माझा हट्ट नाही.

मलप्रभाताई, तिसरी गोष्ट लिहून घेतली. बसलिंगच्या चौकीमागं बापानं लावलेली फणसाची बाग आहे. चौकी गेली की बाग गेली. त्या बागेसाठी तो बहिणीलाही नाही म्हणेल आणि राणीशीही खोटं बोलेल, असं ठरवलंय.

शहापूर_माग

मी खेळ खेळत नाही, धाकटा दीर खेळतो, त्याच्यामुळं इथं वाचते. पण पात्रांबद्दल बोलायला खेळच खेळला पाहिजे असं नाही ना?

आमच्या भागात सण्णाटा, म्हणजे कन्नड लोकनाट्य, बघत मोठे झालेले लोक आहेत. त्यात बैलहोंगलच्या खऱ्या खुनावरून रचलेलं "संग्या बाळ्या" सगळ्यांना ठाऊक. संग्याचं व्यापाऱ्याच्या बायकोवर मन बसतं. बाळ्या त्याचा जिवलग दोस्त, मदत करतो. शेवटी तोच फितवला जातो आणि दोस्ताला मारेकऱ्यांच्या हाती देतो. बघणारे लोक संग्याबद्दल हळहळतात. पण रात्रभर बोलतात ते बाळ्याबद्दल. का केलं असेल त्यानं? लोभानं? भीतीनं? का दोस्ताचं चाललंय ते त्याला आतून कधी पटलंच नव्हतं? सण्णाटा ते सांगत बसत नाही.

म्हणून मला वाटतं, पात्रानं आपली कारणं बोलून दाखवू नयेत. घाटवाटभाऊ, तुमच्या बसलिंगची बाग, बहीण, हुकूम हे सगळं तुम्हाला माहीत असू दे. टेबलावरच्या लोकांना फक्त सळई दिसू दे आणि दाणे दिसू देत. तो दाण्यांकडं बघतो आणि काय म्हणतो, बास.

आणखी एक सांगते. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं, असं आमच्याकडं जुनी माणसं अजून सांगतात. शेजारी शेजारी वस्ती, पण सरकार दोन. एका बाजूचा गुन्हा दुसऱ्या बाजूच्या फौजदाराच्या अखत्यारीत येत नाही, असं एखादं गाव तुमच्या मोहिमेत घाला. मग "कायदा पाळणारा माणूस" म्हणजे कोणाचा कायदा, हे आपोआप विचारात येतं.

वखारवाला, निपाणी

अक्का, दोन सरकारांचं गाव फार आवडलं. मी माझ्या मोहिमेत चोरणार हे.

कारणं लपवण्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. सण्णाटा बघणारे बाहेर बसलेले असतात. खेळात माणूस आत बसलेला असतो. गेम मास्टरच्या पात्राची कारणं लपवा, जरूर. पण खेळाडूनं स्वतःच्या पात्राची कारणं बाकीच्या खेळाडूंना सांगून टाकावीत, पात्रांना नाही. म्हणजे बाकीचे त्याला अवघड प्रसंगात मुद्दाम ढकलू शकतात. "ब्लेड्स इन द डार्क" नावाच्या खेळात हे नियमातच आहे. फासा टाकण्याआधी टेबलावरचा कोणीही म्हणू शकतो, तुला एक जादा फासा देतो, पण त्याबदल्यात अमुक नुकसान नक्की होणार, जिंक नाही तर हर. घ्यायचं की नाही ते खेळाडूनं ठरवायचं. "फेट" या खेळातही पात्राचा एखादा स्वभाव त्याच्याच अंगावर उलटवायचा असेल तर गेम मास्टर एक गुण पुढं करतो. घेतला की अडचण स्वीकारायची, नाकारायचं तर पदरचा एक गुण मोजायचा.

नंदगडचा_वड

मलप्रभाताईंनी कित्तूरचा विषय काढला म्हणून लिहितो. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला ग्रे करू नका. आमच्या नंदगडात त्याला १८३१ साली फाशी दिली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला आजही बायका पाळणे बांधतात. खेळात "रायण्णासारखा बंडखोर, पण आतून लोभी" असलं काही केलंत तर इथल्या माणसाला लागेल. मराठी असो, कन्नड असो.

मलप्रभाकाठ, खानापूर

दादा, शंभर टक्के मान्य. माझा तसा विचारही नव्हता.

उलट तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट पुढं येते. रायण्णा शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे पोटाला जमीन आणि बदल्यात गावची राखण. कित्तूर पडल्यावर त्या जमिनींवर गदा आली. त्यानं बिडी गावची कचेरी जाळली, खजिने लुटले, जमिनीची दप्तरं पेटवली. त्याच्या बाजूनं यात काहीच ग्रे नाही.

पण ज्या कुलकर्ण्याचं दप्तर जळालं तो? रोज तेच कागद लिहून पोट भरणारा, साहेबाला घाबरणारा, आणि त्याच दप्तरात गरिबाची चार बिघे जमीनही त्या गरिबाच्याच नावावर नोंदवून ठेवलेली. किंवा दुसरा एखादा शेतसनदी, ज्याला सांगितलं असेल की रायण्णाचा माग काढलास तर तुझी जमीन राहील? रायण्णा लढाईत हरून सापडला नाही, आपल्याच माणसांच्या दग्यानं सापडला. दगा देणाऱ्यांना आपण एका शब्दात संपवतो. खेळ लिहिणाऱ्यानं तिथं थांबावं. या माणसांची नावं इतिहासातून उचलू नयेत, आपल्या कल्पनेतल्या राज्यात अशीच माणसं नव्यानं घडवावीत. वीर वीरच राहू दे. त्याच्या भोवतीची गर्दी ग्रे असते.

नंदगडचा_वड

हे चालेल. दप्तरात गरिबाचीही जमीन होती, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

घाटवाट, टिळकवाडी

ताई, माझ्या मोहिमेचा सांधा यानं बदलला. बसलिंग मी चालवेन. कारकून खेळाडूच्या हाती देतो. कंदील त्याच्या हातात आहे, दाणे त्यानं पाहिलेत, आणि अजून त्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही. पहिली जबाबदारी तो खेळात स्वतः उचलेल.

वरच्या सगळ्या चर्चेवरून एक घरगुती नियम जुळवलाय. तपासून सांगा.

पात्र बनवताना खेळाडूनं दोन देणी लिहायची. नुसतं "गरिबांची कणव" असलं चालणार नाही. माणसाचं नाव, काय देणं आहे, आणि ते न फेडल्यास तो माणूस काय करेल. एक देणं पाळताना दुसरं मागं पडलं की त्या दुसऱ्या नावापुढं एक रेघ. तीन रेघा झाल्या की पुढच्या बैठकीत ते माणूस दारात येणार. मी त्याला आणलंच पाहिजे, विसरायची मुभा मला नाही. आल्यावर ते भांडेल, रडेल, सोडून जाईल, नाहीतर शत्रूला मिळेल, ते आधी लिहिलेल्यावर ठरेल. देणं फिटलं तर रेघा पुसायच्या आणि खेळाडूनं नवीन देणं लिहायचं.

वखारवाला, निपाणी

नियम सुटसुटीत आहे. शंका एकच, रेघा मोजायला लागलो की परत रकानेच झाले की. खेळाडू हिशेब करत बसेल, "अजून दोन रेघा आहेत, आज बहिणीला टाळू."

घाटवाट, टिळकवाडी

काका, करू दे की हिशेब. खरी माणसंही तेच करतात. आईला फोन करायचा राहतो, "पुढच्या आठवड्यात करू" म्हणतात. रेघ पात्राचा चांगुलपणा मोजत नाही, समोरच्या माणसाचा धीर किती उरलाय ते सांगते. म्हणून तो आकडा खेळाडूनं बघितला तरी चालेल. मला तर वाटतं त्यानं बघितलाच पाहिजे. ठाऊक असून टाळलं तरच त्याला अर्थ आहे.

शहापूर_माग

एक विनंती. दारात येणारं माणूस दर वेळी बायको, बहीण, आई असू नये. आणि दर वेळी मेलेलंच सापडू नये. दिराच्या ग्रुपच्या गोष्टी ऐकते, त्यात बाईचं काम कोणाला तरी राग यावा म्हणून मरणं एवढंच असतं. बसलिंगच्या बहिणीला बोलू द्या. कदाचित ती म्हणेल, तुझं धान्य नको, आम्ही खाली गलबतवाल्यांकडं चाललो. मग भावानं काय करायचं?

आणि उपासमार, पोरांचे हाल असले विषय टेबलावर आणायच्या आधी सगळ्यांना विचारा. कोणाच्या घरी काय होऊन गेलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

घाटवाट, टिळकवाडी

अक्का, दोन्ही मान्य. मोहिमेआधी एक बैठक नुसती बोलण्याची ठेवतो आम्ही, सेशन झीरो. त्यात विचारतो. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्डही ठेवतो. कोणीही त्याला हात लावला की चाललेला प्रसंग तिथंच सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही.

बहिणीचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. तिचं नाव गंगव्वा. ती वाडीतल्या सतरा घरांना घेऊन समुद्राकडं निघालीय. म्हणजे तांडा सोडला तरी धान्य पोचेपर्यंत वाडी रिकामी असेल. हे बसलिंगला माहीत नाही. कारकुनाला कळेल, कारण तांडेवाला त्याला सांगेल. सांगायचं की नाही, ते कारकुनानं ठरवायचं.

फाउंड्री_शिफ्ट, उद्यमबाग

दादा, कारकून मला दे.

देणी लिहिली आहेत, बघ. पहिलं: बसलिंगनं त्याला चौकीवर ठेवून घेतलं, लिहायला वाचायला शिकवलं. न फेडल्यास बसलिंग काहीच करणार नाही, नुसता बोलायचा थांबेल. मला हेच सगळ्यात जड वाटलं म्हणून लिहिलं. दुसरं: राणीच्या फौजेत त्याचा थोरला भाऊ आहे, आणि फौजेलाही गेला महिनाभर अर्धाच शिधा मिळतोय. धान्य खाली गेलं हे कळलं तर भाऊ स्वतः घोडा घेऊन चौकीवर येईल.

मलप्रभाताई म्हणतात ती तिसरी गोष्ट अजून ठरली नाही. ती खेळता खेळता सापडू दे, आधी लिहायला लावू नकोस. आणि तलवार नको मला या वेळी. कंदील आणि दप्तर एवढंच सामान लिही.

मलप्रभाकाठ, खानापूर

दप्तरात त्या रात्रीची नोंद कोण करतं? चौकीवरून गेलेल्या प्रत्येक बोजाची नोंद लागते ना? मग "कापूस" असं त्यानंच लिहायचं आहे, स्वतःच्या अक्षरात.

घाटवाट, टिळकवाडी

हो, नोंद तोच करतो. रविवारी चार वाजता नेहमीच्या जागी. दप्तर म्हणून एक कोरी वही घेऊन येतो, नोंद त्यात खरोखर पेननं लिहायची.